हॅलर पुलाच्या पोटातलं लोखंड

मागच्या दिवाळीत वेस्ट विंडसरला मुलाकडे त्याची मित्रमंडळी फराळाला जमली होती. फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर लाल फळ्यांचा, छपराचा एक लाकडी पूल होता आणि मागे पिवळ्या-तांबड्या झाडांची दाटी. नागपूरचा एक मुलगा हातात चकली घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"काकू, कसला क्यूट आहे यार! हे असे फोटोसाठीच बांधतात ना?"

"नाही रे. भिजू नये म्हणून छप्पर घालतात."

"कोण भिजू नये? माणसं?"

"पूल."

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. मग माझी सून म्हणाली, "अरे, आईंचं आख्खं करिअर या पुलांखाली गेलंय." त्यावर तिथे बसलेल्या, मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाईंनी मला पकडलंच. विषय दिला, 'एका महिला इंजिनिअरची वाटचाल.' मी तेव्हाच सांगितलं, वाटचाल वगैरे माझ्याकडे काही नाही. पुलाखाली वाकून, ओणवं होऊन, कधी चिखलात आडवं पडून जे होतं त्याला वाटचाल म्हणत नाहीत. एका पुलाची गोष्ट मात्र सांगते.

आधी छपराचं सांगून टाकते, कारण तो प्रश्न सगळेच विचारतात. लाकूड म्हातारपणाने मरत नाही, ओलीने मरतं. पुलाचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या मोठमोठ्या लाकडी कैच्यांवर, म्हणजे उभ्या-तिरप्या तुळयांच्या चौकटींवर असतो. त्या उघड्यावर ठेवल्या तर काही वर्षांत कुजतात. कोरड्या ठेवल्या तर शंभर वर्षं सहज जातात, वर आणखीही. म्हणून बाहेरून फळ्या आणि वरून छप्पर. थोडक्यात, हाडांना घातलेला रेनकोट. रेनकोट फाटला तर बदलता येतो.

श्रीकांत, माझा नवरा, भूलतज्ज्ञ. त्याला पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही तिथे गेलो. त्या काळात आपल्या डॉक्टरांना अशाच आडगावच्या नोकऱ्या मिळायच्या. मी सांगलीहून सिव्हिलची डिग्री घेऊन आलेली. शहरं दूर, मोठ्या कंपन्या दूर. जवळ होतं ते कौंटीचं ऑफिस. कौंटी म्हणजे आपला तालुका समजा. तिथल्या पूल विभागात माणूस हवा होता. त्यांना पुरुष हवा होता, पण अर्ज माझा एकटीचाच आला.

माझं नाव त्यांना कधीच नीट घेता आलं नाही. सुधाचं 'सूडा' झालं. पहिल्यांदा मी दुरुस्त करायची, मग सोडून दिलं. आमच्या कामगारांचा मुकादम रॉय पुलाच्या या टोकाहून त्या टोकाला "सूडा! सूडा!" अशा हाका मारायचा. मराठीत त्याचा अर्थ काय होतो हे मी त्याला निवृत्तीच्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "मग बरोबरच नाव होतं."

काम साधं होतं. कौंटीतल्या प्रत्येक पुलाखाली ठरावीक काळाने जायचं आणि तो अजून नीट उभा आहे ना याची खात्री करायची. काँक्रीटचे पूल मुके असतात. लाकडाचे बोलतात. हातोडीने ठोकायचं आणि कान द्यायचा. चांगलं लाकूड खणखणीत उत्तर देतं. आतून कुजलेलं असेल तर बद्द आवाज येतो. बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून बघतो ना, तसंच. संशय आला की बारीक ड्रिल घालून पाहायचं, आत किती जीव आहे ते. बाकी मग साप, कबुतरं, गांधीलमाश्या आणि बारीक भुसा, जो घरी जाऊन दोनदा डोकं धुतलं तरी निघत नाही.

हॅलर पूल आमच्या कौंटीतला सगळ्यात जुना. खाली ओढा. ओढ्याच्या पलीकडे एकच शेत होतं, अर्ल आणि लोइस या नवरा-बायकोचं. त्यांच्या गाई, त्यांचा गोठा, पांढरं दुमजली घर आणि त्यापुढे डोंगरात जाणारा कच्चा रस्ता, जो खूप लांबून फिरून हायवेला मिळायचा. मी तपासणीला गेले की अर्ल ओढ्याकाठच्या गाई वर हाकायचा, म्हणजे त्या माझ्या अंगावर येऊ नयेत. काम संपलं की लोइस स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारायची. काळी कॉफी आणि घट्ट, कमी गोड असा सफरचंदाचा केक. त्या स्वयंपाकघरात बसलं की पुलाचा आवाज यायचा. गाडी आली की फळ्या खडखडायच्या, मग कैच्या कुरकुरायच्या, आणि अर्ल पेपरातून डोकं वर न काढता सांगायचा, "पोस्टवाली आली." किंवा, "हा पाद्री. याची गाडी एका बाजूला कललेली आहे." तो कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

पुलाचा इतिहास मला सांगितला तो प्रूइट सरांनी. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, बारा महिने टाय लावणारे. त्याआधीचा उघडा पूल पुरात गेला तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांनीच हा बांधला, हॅलर नावाच्या सुताराच्या हाताखाली. सरांचे पणजोबा त्यात होते. कैच्यांना आधार म्हणून दोन्ही बाजूंना ओकची एकेक लांबलचक कमान बसवलेली आहे. ती दाखवताना सरांचा आवाज उतरायचा. देवळात आल्यावर उतरतो तसा.

तर हा पूल असाच उभा राहिला असता. पण एका जुलैच्या दुपारी रॉयचा फोन आला.

"सूडा, तुझ्या पुलाला कोणीतरी बूच लावलंय."

जाऊन पाहते तर भाड्याने घेतलेला, सामान हलवायचा एक मोठा ट्रक पुलाच्या तोंडात अडकलेला. पुढचा अर्धा आत, मागचा अर्धा बाहेर. वरच्या आडव्या लाकडात त्याचं टप घुसलेलं. उंचीची पाटी पुलाच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत होती. ट्रकशेजारी एक तरुण मुलगा आणि त्याची बायको उभी. मला हेल्मेट घालून तरातरा येताना बघून तो बायकोला मराठीत हळूच म्हणाला, "आता ही बाई ओरडणार बघ."

"ओरडणार तर आहेच," मी मराठीत म्हटलं.

त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. तो निनाद, ती केतकी. दोघं पुण्याचे. न्यू जर्सीचं घर सोडून पार पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला निघाले होते, नव्या नोकरीसाठी, सगळा संसार ट्रकमध्ये घालून. वाटेत हायवेवर ट्रॅफिक दिसला म्हणून आत वळले.

"अहो मॅडम... काकू, मॅप्सने हाच रस्ता दाखवला."

"आणि पाटीने काय दाखवलं?"

"मी म्हणत होते याला," केतकी म्हणाली. "थांब, उतरून बघू. तर म्हणे, जाईल गं."

तेवढ्यात पलीकडून अर्ल आला. त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली, दोघांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझे नातेवाईक?"

"जवळजवळ," मी म्हटलं.

अशा वेळी ट्रक ओढायचा नसतो, नाहीतर तो अर्धा पूल बरोबर घेऊन येतो. टायरमधली हवा सोडायची. ट्रक चार-सहा इंच खाली बसतो आणि मग समोरून ट्रॅक्टरने हळूहळू मागे ढकलायचा. अर्लने आपल्या बाजूने ट्रॅक्टर पुलात आणला. लोइसने दोघांना घरात नेऊन खायला घातलं. संध्याकाळी टायर भरून ते निघाले तेव्हा केतकीने मला वाकून नमस्कार केला आणि निनाद पुटपुटला, "सॉरी काकू, खरंच." अर्ल हसत होता. "मला वाटलं होतं, हा महिना कंटाळवाणा जाणार," तो म्हणाला.

वरची लाकडं मोडली होती, ती बदलणं अवघड नव्हतं. पण असा धक्का बसल्यावर सगळा पूल नव्याने तपासावा लागतो. दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या काठाशी, जिथे कैचीचं खालचं टोक दगडी बांधावर टेकतं, तिथली वर्षानुवर्षं चाकांबरोबर येऊन साठलेली माती खरवडून काढायला लावली. त्या मातीने ओल धरून ठेवली होती. हातोडी मारली. बद्द. ड्रिल घातलं तर ते लोण्यात जावं तसं गेलं.

मागच्या तपासणीनंतर कूज इतकी पसरली असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण आता हिशेब स्पष्ट होता. पुलावरून यापुढे फक्त छोट्या गाड्या जायच्या. तीन टन. म्हणजे मोटारी, पोस्टाची गाडी. स्कूलबस नाही, आगीचा बंब नाही, अँब्युलन्स नाही. त्यांनी हायवेवरून डोंगराचा वळसा घालून यायचं.

नवी पाटी लागायच्या आधी मी स्वतः जाऊन सांगितलं. अर्ल गोठ्यात होता.

"दुधाचा टँकर तसाही वळशानेच येतो," तो म्हणाला. "अँब्युलन्सलाही येऊ दे. मी काही कधी आजारी पडत नाही."

लोइस गोठ्याच्या दारात उभी होती. तिने फक्त विचारलं, "दुरुस्ती कधी?"

"यादीत टाकलंय," मी म्हटलं. सरकारी ऑफिसात यादी म्हणजे काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. अमेरिकेतही ती तशीच असते.

पुढच्या वसंतात एका सकाळी अर्ल गोठ्यात कोसळला. लोइसने फोन केला. अँब्युलन्स गावातून निघाली आणि पाटीप्रमाणे वळशाने गेली. चालकाने नियम पाळला. ती पोहोचली तोवर सगळं संपलं होतं.

श्रीकांत तेव्हा हॉस्पिटलातच होता. दुपारी घरी आला, चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच मला सांगितलं.

"पुलावरून आली असती तर?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, सुधा."

"डॉक्टर म्हणून सांग."

"डॉक्टर म्हणूनच सांगतोय. सांगता येत नाही."

माझा हिशेब मी पुन्हा केला. दोनदा केला. तो बरोबरच होता. भरलेली अँब्युलन्स त्या लाकडावर गेली असती आणि टोक खचलं असतं, तर आतली माणसंही ओढ्यात गेली असती. मी चुकले असते तर निदान कोणाची तरी क्षमा मागता आली असती. बरोबर असल्यावर काय करायचं ते कॉलेजात शिकवत नाहीत.

अंत्यविधीनंतर मी लोइसकडे गेले. दारात उभी राहिले. ती जाळीच्या दारापलीकडून माझ्याकडे बघत होती.

"ती पाटी तू लावलीस," ती म्हणाली.

"हो."

"लावायला हवी होती?"

"हो."

तिने जाळीच्या दाराची कडी काढली. मग म्हणाली, "तर मग तिथे असा चेहरा करून उभी राहू नकोस. आत ये, नाहीतर जा."

मी आत गेले. त्या दिवशी केक नव्हता. आम्ही टेबलाशी बसलो, आणि बाहेर पुलावरून कोणीतरी गेलं. फळ्या खडखडल्या, कैच्या कुरकुरल्या. दोघींनीही पेपर ठेवलेल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं नाही.

त्यानंतर यादी एकदम हलली. चर्चच्या तळघरात सभा बोलावली गेली. सगळं गाव आलं होतं. अर्ध्या लोकांचं म्हणणं, हा सांगाडा पाडा आणि तिथेच काँक्रीटचा पूल घाला. अर्ध्यांचं म्हणणं, याला हात लावू नका. प्रूइट सर उभे राहिले. त्यांनी सुचवलं, जुना पूल दुरुस्त करून पायी चालणाऱ्यांसाठी ठेवावा आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला नवा पूल बांधावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अडचण एकच होती. खालच्या अंगाचं कुरण लोइसचं होतं.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. ती उठली. हातात पर्स घट्ट धरलेली.

"मला असा पूल हवा, ज्याच्यावरून अँब्युलन्स येईल," ती म्हणाली. "तो लाल आहे की करडा, मला फरक पडत नाही. पण कुरणातून रस्ता जाणार नाही. अर्लने ते चाळीस वर्षं राखलं. पूल आहे तिथेच हवा." आणि ती बसली.

म्हणजे दोन्ही बाजू अडल्या. पाडा म्हणणाऱ्यांना आनंद झाला, पण पाडायलाही राज्याची परवानगी लागत होती, आणि ऐतिहासिक पुलाला ती सहजी मिळत नाही. मग आमचे साहेब म्हणाले, "सूडा, तुझं काय म्हणणं?"

मी तिसरा मार्ग मांडला. पूल उचलायचा. कुजलेली लाकडं काढून नवा ओक घालायचा. आणि रस्त्याच्या फळ्यांखाली, बाहेरून दिसणार नाहीत असे लोखंडी गर्डर टाकायचे. गाड्यांचा भार गर्डर घेतील. अँब्युलन्स जाईल, बंबही जाईल. पूल दिसेल तसाच राहील.

प्रूइट सर पुन्हा उठले. चिडलेले नव्हते, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"मॅडम, मग ती कमान काय धरणार?"

"स्वतःला आणि छपराला."

"म्हणजे पूल खोटा होईल."

मागून कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही, कारण ते बरोबर बोलत होते. आयुष्यभर मी त्या कैच्यांचा आवाज ऐकत आले होते. त्या काम करत होत्या म्हणून बोलत होत्या. मी सुचवत होते ते म्हणजे त्यांना सन्मानाने घरी बसवणं. तरी मी म्हटलं, "सर, मला दुसरं काही सुचत नाही. तुम्हाला सुचत असेल तर सांगा, मी ते करीन." ते बसले. हात वर झाले आणि ठराव पास झाला.

काम चालू असताना ओढ्यावर काहीच नसणार होतं. छोटी गाडीसुद्धा वळशाने. मी लोइसला विचारलं, चालेल ना?

"आता कोणासाठी घाई आहे?" ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पूल उचलून ठेवणार कुठे?"

ते विचारायलाच मी आले होते. रस्त्यालगत दुसरी सपाट जागा नव्हती. मी मान खाली घालून तिच्या कुरणाकडे बोट दाखवलं.

"तू फार निर्लज्ज बाई आहेस," ती म्हणाली. आणि फाटकाची किल्ली दिली.

दोन क्रेननी पूल उचलला तो दिवस माझ्या नोकरीतला सर्वांत घाबरवणारा आणि सर्वांत सुंदर. छपरासकट आख्खा पूल हवेत, खालून उजेड दिसतोय, आणि आजूबाजूच्या उतारावर खुर्च्या टाकून गाव बसलेलं. पूल कुरणात लाकडी ओंडक्यांवर टेकला तेव्हा लोक जत्रेत ओरडावेत तसे ओरडले.

वर्षभर तो तिथेच गवतात उभा होता. फळ्या काढल्या तशी पुलाची सगळी जन्मकथा उघडी पडली. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर छिन्नीने सारख्या खुणा कोरलेल्या होत्या, कोणता तुकडा कोणात बसायचा ते कळावं म्हणून. एका बाजूला जुन्या आगीने काळवंडलेली लाकडं, पुरात आदळलेल्या ओंडक्याचा खोल घाव. आतल्या फळ्यांवर घोड्यांच्या सांध्यांना लावायच्या तेलाची जाहिरात आणि कोणा सर्कशीतला अर्धा सिंह. प्रूइट सर जवळजवळ रोज यायचे. शाळेच्या मुलांना घेऊन यायचे आणि सांध्यांच्या खुणा दाखवायचे. माझ्याशी ते लाकडाबद्दल बोलायचे. लोखंडाबद्दल नाही.

लोइसने दुभत्या गाई विकल्या होत्या, काही कालवडी ठेवल्या होत्या. एका कडक उन्हाच्या दुपारी कामगार जेवायला गेले आणि त्या कालवडी सावली बघून ओळीने पुलात शिरल्या. परत येऊन पाहतो तर आमच्या ऐतिहासिक वास्तूत गुरं रवंथ करत बसलेली आणि एकही बाहेर यायला तयार नाही. रॉय टोपी हलवून त्यांना हाकलत होता. लोइस घरातून बघत होती. ती हसायला लागली. इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं, आणि मग ती रडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. "अर्लला फार आवडलं असतं," ती म्हणाली. एवढंच.

पूल परत जागेवर बसला. उद्घाटनाच्या आधी भार-चाचणी असते. पाण्याने भरलेला बंब पुलावर मधोमध उभा करायचा आणि खाली तुळया किती वाकतात ते मोजायचं. मोजायला मी खाली ओढ्यात उभी होते. तेवढ्यात काठावरून लोइस उतरताना दिसली, रबरी बूट घालून.

"लोइस, इथे थांबायला परवानगी नाही."

"तू थांबली आहेस ना?"

"माझं काम आहे ते."

"तुझा विश्वास आहे ना याच्यावर?"

"आहे."

"तर मग सरक."

ती माझ्या शेजारी उभी राहिली. वरती बंब आला. फळ्यांचा खडखडाट झाला, थोडी धूळ पडली, बंब मधोमध थांबला. मी मोजलं. गर्डर वाकायला हवा होता त्यापेक्षाही कमी वाकला होता. मी अंगठा वर करून रॉयला खूण केली. लोइस मात्र मान वर करून काहीतरी ऐकत होती.

"कुरकुरत नाहीये," ती म्हणाली.

"नाही. त्या लाकडांवर आता भार येत नाही."

"म्हणजे आता घरात बसून कोण आलं ते कळणार नाही."

"नाही कळणार."

तिने मान डोलावली. ओढ्याचं पाणी आमच्या बुटांवरून जात होतं. "ठीक आहे," ती म्हणाली. "अर्लला कळायचं. मला कधी ओळखू आलंच नाही. मी नुसतं ऐकून घ्यायचे."

उद्घाटनाला बँड होता, फीत होती, भाषणं होती. प्रूइट सर आले नाहीत. काही महिन्यांनी ते मला किराणा दुकानात भेटले, टाय लावलेले, हातात कांद्यांची पिशवी. मी विचारलं, "सर, पूल पाहिलात?" ते म्हणाले, "पाहिला. छान दिसतो." आणि जाता जाता, "दिसतो खरा." वर्षभराने ते गेले. त्यांना देता येईल असं काही उत्तर मला सुचायला हवं होतं, असं वाटत राहतं.

माझ्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. भर दुपारी श्रीकांतचा हॉस्पिटलातून फोन आला. "लोइसला आणलंय. हार्टचंच. वेळेवर आली." मी ऑफिसातून तशीच निघाले. तोवर तिला वरच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं ठरलं होतं, म्हणून पाच मिनिटंच भेटायला मिळालं.

नाकात नळी, केस विस्कटलेले, पण डोळे लोइसचेच. मी तिचा हात धरला.

"बोलू नकोस," मी म्हटलं.

"का? बोलता येतंय की." ती जरा दम घेत राहिली. "मी उताणी पडले होते. ती पोरं माझ्या तोंडावर मास्क धरून काहीतरी बोलत होती, मला काही कळत नव्हतं. कुठे आहोत तेही कळेना. मागच्या काचेतून फक्त आभाळ दिसत होतं."

"बरं."

"मग एकदम अंधार झाला. मला वाटलं, झालं, संपलं. आणि मग फळ्यांचा आवाज आला."

मी तिचा हात दाबला.

"आणि मग पुन्हा उजेड झाला," लोइस म्हणाली. "म्हटलं, चला. ओढा ओलांडला."